परदेशातलं लांबलेलं युद्ध चालू ठेवावं की थांबवावं, यावर बोलायला उभं राहायचंय? मग आधी एवढं करा

मी नाशकात गेली बरीच वर्षं अकरावी-बारावीच्या पोरापोरींची वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेतो, क्लास वगैरे नाही, गंगापूर रोडला एका मित्राची गच्ची आहे तिथे संध्याकाळी बसतो, पोरं बोलतात, मी कान देतो आणि मधेमधे टोकतो एवढंच. एकदोन वर्षांआड कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत हा विषय फिरून येतोच, "दहशतवादी गटांविरुद्धचे परदेशी भूमीवरील दीर्घ युद्ध चालू ठेवावे", अनुकूल आणि प्रतिकूल. आणि दरवेळी तेच होतं, अनुकूलवाला "दहशतवादाला धर्म नसतो"ने सुरू करतो, प्रतिकूलवाला "युद्ध नको बुद्ध हवा"ने, पुढची सहा मिनिटं दोघं जोरजोरात बोलतात पण एकमेकांच्या मुद्द्याला कुणी हातच लावत नाही.

हसण्यासारखं काही नाही, मी पण हेच करायचो. देवळाली कॅम्पात एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमात मी एकदा तावातावाने बोललो की अमेरिकेने अफगाणिस्तान सोडताच कामा नये, टाळ्या पडल्या, खाली उतरून चहा घेतला तर पुढच्या रांगेतले एक रिटायर्ड सुभेदारसाहेब जवळ आले आणि म्हणाले, "सर, बोललात छान, फक्त एक सांगा, संपलं हे कोण ठरवणार आणि कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो चहा मी तसाच ठेवला. तेव्हापासून तयारीची सुरुवात मी याच प्रश्नापासून करून घेतो.

तर पहिलं काम, विषय फोडायचा. "दहशतवादाविरुद्ध युद्ध" असं म्हणून चालत नाही, कुठलं युद्ध, कुठला गट, कुणाचं सैन्य आणि जाताना काय करायला गेले होते ते एका वहीत लिहून काढा. अफगाणिस्तानचंच घ्या. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला, एका आठवड्यात अमेरिकेच्या संसदेने राष्ट्राध्यक्षाला बळ वापरायची परवानगी दिली, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी, ती एक म्हणजे बार्बरा ली. ठराव कशाबद्दल होता, तर ज्यांनी हल्ला केला आणि ज्यांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याबद्दल, म्हणजे अल कायदा आणि तालिबान. ७ ऑक्टोबरला युद्ध सुरू, नोव्हेंबरमध्ये काबूल पडलं, डिसेंबरपर्यंत तालिबानचं राज्य गेलं. मग पुढची वीस वर्षं काय चाललं होतं? आधी अल कायदा संपवणं, मग तालिबान परत येऊ न देणं, मग सरकार उभं करणं, निवडणुका, शाळा, रस्ते, अफूची शेती थांबवणं, हे सगळं एकावर एक चढत गेलं. आणि तोच २००१ चा ठराव पुढे इराक-सीरियातल्या इसिस या संघटनेविरुद्ध सुद्धा वापरला, जी त्या नावाने तेव्हा अस्तित्वातच नव्हती. वहीत दोन रकाने करा, डावीकडे वर्ष, उजवीकडे त्या वर्षी सांगितलेलं उद्दिष्ट. रकाना भरत आला की तुम्हालाच दिसतं की "चालू ठेवा" म्हणणारा आणि "थांबवा" म्हणणारा दोघं वेगवेगळ्या युद्धांबद्दल बोलतायत.

इथे द्राक्षवाल्या घरातल्या पोरांना एक गोष्ट पटकन कळते. बागेत भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, आली की निफाड-दिंडोरीकडचा कुठलाही शेतकरी "भुरी कायमची संपवतो" असं म्हणत नाही, तो म्हणतो आटोक्यात ठेवायची, माल निघेपर्यंत. संपवणं आणि आटोक्यात ठेवणं ही दोन वेगळी कामं, दोन्हीचा खर्च वेगळा, दोन्हीचं वेळापत्रक वेगळं. समोरच्याला सरळ विचारायचं, बाबा तू यातलं कुठलं म्हणतोयस? संपवणं म्हणत असशील तर तारीख सांग, आटोक्यात म्हणत असशील तर हे दरवर्षी करावं लागेल ते कबूल कर. निम्मे लोक इथेच गडबडतात.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, "इतका खर्च केलाय, इतके जीव गेलेत, आता मागे कसं फिरायचं" हे वाक्य कुठे कुठे येतं ते पकडायला शिका. माझ्या सिन्नरच्या मामाने बोअर घेतला होता. पाणाड्या आला, हातावर नारळ ठेवून वावरभर फिरला, एका ठिकाणी नारळ उभा राहिला म्हणे, तिथे मशीन लावलं. ठरलं होतं अडीचशे फूट. अडीचशेला नुसता धुरळा. बोअरवाला म्हणाला अजून पन्नास फूट बघू मालक, खाली ओल असणार. तीनशेला धुरळा. मामाचं म्हणणं, तीनशे फुटाचे पैसे घातलेत, आता मशीन परत पाठवली तर ते सगळे पाण्यात, म्हणजे पाण्यात पण नाही, धुरळ्यात. तीनशे चाळीस, चारशे, रात्री हॅलोजन लावून चाललं होतं, आम्ही पोरं बांधावर बसून गाडीचा आवाज ऐकत होतो, मामी दर तासाला चहा घेऊन यायची आणि काही न बोलता जायची. चारशेला ती म्हणाली, "गेलेले गेले, उरलेले तरी ठेवा." मामा थांबला चारशे ऐंशीला, तेही पैसे संपले म्हणून.

आता यातून दोन गोष्टी उचलायच्या. एक तर आधी घातलेले पैसे हे पुढचे घालायचं कारण होत नाही, मामी बरोबर होती. पण प्रतिकूलवाल्यांनो लगेच उड्या मारू नका, कारण असे पण बोअर बघितलेत की जे थांबवले दोनशे साठला आणि शेजाऱ्याला तीनशेला दोन इंच पाणी लागलं. मग प्रश्न किती घातले हा नसतोच, प्रश्न असतो की वर येणाऱ्या मातीत ओल दिसतेय का. तर युद्धात ती ओल म्हणजे काय? किती अतिरेकी मारले हा आकडा नाही, तो धुरळा आहे, कितीही काढता येतो. ओल म्हणजे तिथलं सरकार स्वतःच्या पगारावर पोलीस ठेवू शकतंय का, संध्याकाळनंतर हायवेवरून ट्रक जातोय का, गावातलं भांडण लोक कुणाकडे नेतात, सरकारी कोर्टात की तालिबानच्या माणसाकडे. अफगाणिस्तानात बऱ्याच ठिकाणी लोक तालिबानकडे न्यायचे कारण तिथे लाच लागत नव्हती आणि निकाल लगेच लागायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे, अजून पन्नास फूट जा हे सांगत कोण होतं? ज्याला फुटाप्रमाणे पैसे मिळणार होते तो. त्यामुळे "प्रगती होतेय, थोडा वेळ द्या" असं कुणी म्हटलं की त्या माणसाला थांबल्यावर काय मिळणार आणि चालू राहिल्यावर काय, हे बघायची सवय लावा. डिसेंबर २०१९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने कोर्टात भांडून मिळवलेल्या शेकडो मुलाखती छापल्या, अमेरिकेच्याच एका सरकारी तपासणी खात्याने अधिकाऱ्यांच्या घेतलेल्या, आणि त्यात बाहेर सगळं छान चाललंय सांगणारे लोक आत सांगत होते की आपण तिथे नेमकं काय करतोय हे आपल्यालाच कळत नाहीये. मामाचा बोअरवाला निदान पहाटे मशीन घेऊन गेला तरी.

तिसरं, आपण निघाल्यावर तिथे मागे काय उभं राहणार ते तपासा. इथे नाशिककरांना एक फायदा आहे, ओझर जवळ आहे, तिथे एचएएलचा विमानांचा कारखाना आहे. एचएएलमध्ये काम केलेला कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतोच, त्याला विचारा की लढाऊ विमान कोण उडवतं, तो पायलट म्हणणार नाही, तो तुम्हाला ओव्हरहॉल, सुटे भाग, तासांचा हिशेब आणि सही करणारा इन्स्पेक्टर यावर अर्धा तास ऐकवेल. माझ्या शेजारचे काका रिटायर होऊन जमाना झाला पण अजून स्कूटरचा नट सुद्धा टॉर्क मोजल्यासारखा आवळतात. तर २०२१ मध्ये झालं काय, अमेरिकन सैनिक निघाले तसे विमानं-हेलिकॉप्टरं दुरुस्त करणारे कंत्राटी मेकॅनिक पण निघाले, आणि अफगाण हवाई दल जमिनीवर यायला लागलं. दूरच्या चौक्यांना दाणा, दारूगोळा हवेतूनच जायचा, जखमी हवेतूनच यायचे, ते बंद झाल्यावर चौकीतल्या शिपायाने काय करायचं? कागदावर ३ लाखांची फौज होती, त्यातली कितीतरी नावं नुसती पगारापुरती. १५ ऑगस्टला काबूल पडलं, आपल्याकडे झेंडावंदन करून लोक जिलबी खात होते आणि टीव्हीवर ते चालू होतं, मला अजून आठवतंय.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. रशियन लोक त्याच देशातून १५ फेब्रुवारी १९८९ ला बाहेर पडले, सगळे म्हणाले त्यांच्या आधारावर चाललेलं नजीबुल्लाचं सरकार महिनाभरात जाईल, ते टिकलं एप्रिल १९९२ पर्यंत. कारण फौज गेली पण पैसा, इंधन, शस्त्रं येत राहिली, आणि सोव्हिएत युनियनच मोडल्यावर ती बंद झाली तेव्हा सरकार कोसळलं. म्हणजे "राहायचं की निघायचं" एवढा सोपा प्रश्न नाहीये, काय न्यायचं आणि काय चालू ठेवायचं हा प्रश्न आहे. स्पर्धेत हा मुद्दा काढलात तर परीक्षक पेन उचलतो, बघितलंय मी. फक्त नजीबुल्ला हा काही संत नव्हता, आधी गुप्तपोलिसांचा प्रमुख होता, हे पण माहीत असू द्या, नाहीतर समोरचा उठून सांगेल.

अनुकूल बाजू मिळाली तर रडत बसू नका, त्या बाजूला दम आहे. इराक बघा. डिसेंबर २०११ ला अमेरिकन फौज बाहेर पडली, जून २०१४ मध्ये इसिसने मोसूल घेतलं, दहा लाखांच्या वर वस्तीचं शहर काही दिवसांत हातचं गेलं, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेची विमानं परत आली. मोसूल सोडवायला जुलै २०१७ उजाडलं. त्याच मोसूलमध्ये आपले ३९ मजूर पकडले गेले होते, बहुतेक पंजाबचे, चार वर्षं घरच्यांना आशा होती आणि मार्च २०१८ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की ते गेले. तिक्रितमधल्या ४६ नर्सेस, बहुतेक केरळच्या, मात्र सुखरूप परत आल्या. दुसऱ्याचं युद्ध म्हणून आपण सोडून देतो पण आखाती देशात आपल्याकडचं माणूस नाही असं गाव शोधून दाखवा. प्रतिकूलवाला यावर म्हणेल की इसिस जन्मालाच आली ती २००३ च्या इराक युद्धातून, आणि तेही खरंच आहे, त्यामुळे ही लढत रंगते. अनुकूलवाल्याने मग "युद्ध चुकीचं सुरू झालं असेल, तरी घर पेटलेलं असताना निघून जाणं वेगळी चूक" असं धरून बसायचं.

सैनिक न ठेवता लांबूनच मारा, हा मधला रस्ता कुणीतरी काढतंच, त्याची पण तयारी हवी. माझ्याकडे त्यासाठी एक जोडी आहे, दोन्ही काबूलच्या, एका वर्षाच्या आतल्या. २९ ऑगस्ट २०२१, अमेरिकेने ड्रोनने एक गाडी उडवली, बॉम्ब घेऊन येतायत म्हणून, निघाले एका मदतसंस्थेत काम करणारा माणूस आणि त्याच्या घरातले, १० जण, त्यात ७ लहान मुलं, पुढच्या महिन्यात चूक कबूल केली. मग ३१ जुलै २०२२, त्याच शहरात बाल्कनीत आलेला अल कायदाचा प्रमुख अयमान अल जवाहिरी ड्रोनने मारला. "बघा, सैन्य नसताना पण जमलं" असं एकजण म्हणेल, दुसरा म्हणेल "बघा, सैन्य गेल्यावर तो काबूलमध्ये बाल्कनीत उभा होता". दोघांचं बरोबर. ही जोडी ज्या बाजूने आधी मांडाल तिचा फायदा होतो, म्हणून पहिल्या तीन मिनिटांत काढायची.

फ्रान्सचं पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधलं प्रकरण फार जण वापरत नाहीत, वापरा. जानेवारी २०१३ मध्ये फ्रेंच फौज गेली, महिन्याभरात अतिरेकी गटांच्या ताब्यातलं टिंबक्टू शहर मोकळं केलं, राष्ट्राध्यक्ष ओलांद तिथे गेले तर लोकांनी खुशीत उंटाचं पिल्लू भेट दिलं. ते त्यांनी एका स्थानिक कुटुंबाकडे सांभाळायला ठेवलं आणि त्या कुटुंबाने ते कापून खाल्लं, अशा बातम्या नंतर आल्या, मग दुसरा उंट देऊ वगैरे झालं. पोरं यावर हसतात आणि विषय लक्षात राहतो. पुढे तिथे २०२० आणि २०२१ असे दोन लष्करी उठाव, फ्रेंचांविरुद्ध मोर्चे, रशियाचे वॅग्नरवाले भाडोत्री सैनिक आले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये शेवटचा फ्रेंच सैनिक मालीतून बाहेर. साडेनऊ वर्षं. जिंकायला महिना लागला होता.

आकडे. आकडे फेकू नका, दोनच घ्या पण पचवून घ्या. ब्राऊन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने अफगाण-पाकिस्तान आघाडीचा अमेरिकेचा खर्च २.३ ट्रिलियन डॉलर काढला, हे वाक्य असंच म्हटलं तर सभागृहात कुणाला काही बोध होत नाही. रुपयात करा, तेव्हाच्या भावाने साधारण १७० लाख कोटी, आणि भारताचा २०२१-२२ चा केंद्रीय अर्थसंकल्प होता जवळपास ३५ लाख कोटींचा. म्हणजे आपल्या अख्ख्या देशाची पाच बजेटं. त्यात कर्जावरचं व्याज धरलंय, जखमी सैनिकांचा पुढचा औषधपाणी खर्च नाही धरलेला, हे पण सांगा. आणि जीवांचं म्हणाल तर अमेरिकेचे साधारण २,४०० सैनिक गेले, अफगाण सैनिक-पोलीस ६०,००० हून जास्त आणि नागरिक ४६,००० च्या वर. बहुतेक पोरं पहिलाच आकडा सांगून थांबतात. तसं करू नका, ज्यांच्या दारात युद्ध होतं त्यांचा आकडा आधी.

बरं, हे सगळं परक्यांचं झालं. कुणीतरी हमखास उठून म्हणतं की भारत असल्या भानगडीत पडत नाही. पडलाय. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला, आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, सुरुवातीला जाफन्यात तमिळ लोकांनी हार घातले, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत एलटीटीईशी, म्हणजे तमिळांच्या वेगळ्या देशासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेशी, लढाई सुरू. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरवलेली शिखांची तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र याच श्रीलंका मोहिमेतलं. सुमारे १,२०० जवान गेले. ज्यांच्या मदतीला गेलो त्या श्रीलंकेचेच नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणाले आता जा, आणि वर एलटीटीईला शस्त्रं पण पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. २१ मे १९९१ ला एलटीटीईकडून राजीव गांधींची हत्या. एलटीटीई संपली २००९ मध्ये, श्रीलंकेच्या स्वतःच्या फौजेकडून, आणि त्यात शेवटच्या महिन्यांत हजारो तमिळ नागरिक मेले. हे एक प्रकरण नीट वाचलंत तर अर्धी स्पर्धा तिथेच तयार, कारण यात सगळं आहे, बदललेलं उद्दिष्ट, यजमानाचं बदललेलं मन, परत आल्यावर कुणी न विचारणं.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल दोनच गोष्टी. सभागृहात, लग्नात, कट्ट्यावर कुठेही हा विषय निघाला आणि समोर फौजेतला माणूस असेल, नाशकात असतोच, देवळाली आणि नाशिकरोडला तोफखान्याची केंद्रं आहेत म्हटल्यावर, तर "एवढं करून काय मिळालं" असं त्याला विचारू नका. आणि एका धर्माला धरून बोलायला लागलात की तुमचा वाद संपला, मग ती नुसती बाचाबाची, मी गुण देत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, मी आता त्या मंडळाच्या स्टेजवर बोललो होतो तसा राहिलो नाही. तारीख, ओल आणि मेकॅनिक, या तिन्हीचं उत्तर देता येत नसेल तर मी थांबवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने, पण टप्प्याटप्प्याने आणि पैसा-सुटे भाग चालू ठेवून. तुम्ही वेगळं मांडा, हरकत नाही.

मागच्या खेपेला मी सुभेदारसाहेबांनाच गच्चीवर बोलावलं होतं. ते भिंतीला टेकून बसले, दोन्ही बाजू ऐकल्या, मान हलवली. मी सांगून ठेवलं होतं तरी एका पोरीने शेवटी विचारलंच, "काका, तुम्ही श्रीलंकेत होतात ना, तुम्हाला काय वाटतं, थांबवायला हवं होतं का आधी?" मला वाटलं झालं आता. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, जाताना आम्ही विचारलं होतं किती दिवसांचं सामान घ्यायचं, तर वरून निरोप आला पंधरा दिवसांचं. दोन जोड कपडे, एक टॉवेल, दाढीचं सामान. मी परत आलो पावणेदोन वर्षांनी. टॉवेल केव्हाच फाटला होता, चपला तिकडच्या बाजारातून घेतलेल्या, त्याच घालून देवळालीला उतरलो.